प्लेटलेट कमी, तरी रक्तात गुठळ्या

किडनी प्रत्यारोपणानंतर क्रिएटिनिन (किडनी नीट चालते का, ते सांगणारा रक्तातला आकडा) वाढले की घरच्यांना पहिली धास्ती रिजेक्शनची, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारण्याची. ती रास्तच आहे. पण कधीकधी रिजेक्शन थोपवणारी गोळीच त्यामागे असते.

टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन या त्या गोळ्या. त्या टी-पेशींना (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींना) आवर घालतात, पण रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरालाही सोडत नाहीत. निरोगी अस्तर प्रोस्टासायक्लिन सोडते, म्हणून प्लेटलेट तिथे चिकटत नाहीत. या औषधांमुळे प्रोस्टासायक्लिन घटते, वाहिनी आवळणारे एंडोथेलिन वाढते आणि किडनीच्या केशवाहिन्यांत बारीक गुठळ्या अडकतात. यालाच थ्रॉम्बोटिक मायक्रोअँजिओपॅथी, म्हणजे टीएमए म्हणतात. गुठळ्यांत प्लेटलेट खर्ची पडतात आणि अरुंद वाटेने जाताना तांबड्या पेशी चिरडतात. म्हणून हिमोग्लोबिन व प्लेटलेट उतरतात, एलडीएच (पेशी फुटल्या की रक्तात वाढणारे एन्झाइम) चढते, स्मिअरमध्ये (काचपट्टीवर पाहिलेल्या रक्तात) तुटक्या पेशी दिसतात. पीटी-आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेची तपासणी) मात्र बहुधा नॉर्मल येते. ते पाहून निर्धास्त होऊ नये. त्यातही गोम अशी की काही रुग्णांत टीएमए फक्त किडनीपुरता राहतो, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) ठीक असते आणि बायोप्सीतच (किडनीचा तुकडा तपासल्यावरच) उलगडा होतो.

विदर्भात आणखी एक गुंता आहे, सिकलसेलचा (तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराचा). सिकलसेल आजारातही हिमोग्लोबिन कमी, एलडीएच जास्त. त्यामुळे सिकलसेलची जुनी तपासणी आणि प्रत्यारोपणापूर्वीचे आकडे फाइलमध्ये हवेतच. नाहीतर तुलना कशाशी करणार?

अँटीबॉडीमुळे होणाऱ्या रिजेक्शनमध्येही टीएमए होतो, त्यामुळे नुसत्या अंदाजाने उपचार करता येत नाहीत. औषधच कारण ठरले तर डोस कमी करतात किंवा गोळी बदलतात. गरजेनुसार प्लाझ्मा एक्स्चेंज (रक्तातला द्रव भाग बदलणे) किंवा एक्युलिझुमॅब हे इंजेक्शन. हा निर्णय नेफ्रॉलॉजिस्टचाच (किडनीतज्ज्ञाचाच). स्वतःहून गोळी बंद केली, तर खरेच रिजेक्शन ओढवते.

टॅक्रोलिमसची लेव्हल (रक्तातले प्रमाण) आदल्या डोसनंतर १२ तासांनी बघतात (दिवसातून दोनदा घ्यायच्या गोळीची). रात्री ९ला गोळी घेतली असेल तर सकाळी ९ला रक्त द्यायचे आणि मगच सकाळची गोळी. गोळी आधी घेतली तर आकडा फुगतो आणि डोस विनाकारण कमी होऊ शकतो. क्लॅरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक), फ्लुकोनाझोल (बुरशीवरचे), डिल्टियाझेम (रक्तदाबावरचे) ही औषधे लेव्हल चढवतात. रिफॅम्पिसिन (टीबीवरचे) व फेनिटॉइन (फिट्सवरचे) ती पाडतात. पपनस आणि ग्रेपफ्रूट टाळावे. आपल्या नागपुरी संत्र्याचा तसा त्रास नाही, पण टॅक्रोलिमस पोटॅशियमही वाढवते, तेव्हा आधी तो आकडा बघावा.

मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो, तेव्हा जुलाब अंगावर काढू नयेत. जुलाबात टॅक्रोलिमस जास्त शोषले जाऊन लेव्हल वाढते, वर अंगातले पाणी आटते. पायाच्या शिरेत गुठळीची भीती तेव्हाच. स्टेरॉइडमुळे रक्ताचा गोठण्याकडे कल आधीच असतो. एकाच पोटरीला सूज व दुखणे असेल तर त्याच दिवशी डॉप्लर (शिरेतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करावे. अचानक धाप लागली किंवा छातीत कळ आली, तर थेट कॅज्युअल्टी गाठावी. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत नव्या किडनीवर दुखून लघवी एकदम थांबली, तर तिच्याच शिरेत किंवा धमनीत गुठळी असू शकते. तिथे तासातासाला किंमत असते.

रक्त पातळ करणारी गोळी लागलीच, तर ती ठरवतानाही आधीची औषधे बघावी लागतात. अ‍ॅझाथायोप्रिन (रिजेक्शन थोपवणारे आणखी एक औषध) सोबत असेल तर वॉरफॅरिनचा (रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा) असर कमी होतो, डोस वाढवावा लागतो. आणि अ‍ॅझाथायोप्रिन बंद केल्यावर वॉरफॅरिन तेवढेच ठेवले, तर आयएनआर चढून रक्तस्राव होऊ शकतो.