अडेनियमचा बुंधा मऊ लागतोय: झोप की कूज?

ऐन थंडीत तीन-चार दिवस पावसाची झड लागते. उघडीप झाल्यावर कुंडीपाशी जावं, तर अडेनियमची, म्हणजे फुगीर बुंध्याच्या ‘वाळवंटी गुलाबा’ची, निम्मी पानं पिवळी होऊन मातीवर पडलेली. बुंधा दाबून बघावा, तर मऊ. ‘बिचारं सुकलं’ म्हणून हात झारीकडे जातो. माझाही गेला होता, आणि चांगलं आठ वर्षांचं झाड मी अशा मायेपोटी घालवलं. पानगळ आणि मऊपणा झोपलेल्या झाडातही दिसतो आणि कुजणाऱ्या झाडातही. उपाय मात्र अगदी उलटे.

आधी झोपेचं. अडेनियम मूळचं सहाराच्या दक्षिणेचा कोरडा पट्टा, पूर्व आफ्रिका आणि अरबस्तान इथलं. नावसुद्धा येमेनमधल्या एडन बंदरावरून पडलंय. सहाराच्या दक्षिणेला पाऊस येतो तो उकाड्यात, गारव्याचे महिने कोरडे जातात. थंडी आणि पाऊस एकत्र, हे या झाडाच्या हिशेबातच नाही. पारा १५ अंशांच्या खाली राहू लागला की वाढ जवळपास थांबते, पानं गळतात आणि झाड बुंध्यातल्या साठ्यावर दिवस काढतं. हीच त्याची झोप. उबदार हवेत काही झाडं थोडी पानं टिकवूनही धरतात, त्यात काळजीचं काही नाही.

कूज सुरू होते ती नेमकी याच अवस्थेचा फायदा घेऊन. पानं नाहीत म्हणजे झाड पाणी ओढत नाही. गारठ्यात कुंडीतलं पाणी उडूनही जात नाही. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरून राहतात, मुळांना हवा मिळत नाही, आणि पिथियम, फायटॉप्थोरा यांसारख्या ओलाव्यावर पोसणाऱ्या, बुरशीसारख्या रोगजंतूंना मोकळं रान मिळतं. तेव्हा हवेतल्या दमटपणाला फार घाबरू नका. खरी भीती कुंडीच्या तळाशी साचून राहिलेल्या गार पाण्याची.

दोन्हींतला फरक डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर कळतो. तहानलेला किंवा झोपलेला बुंधा सगळीकडून सारखाच सैल लागतो, हवा थोडी कमी झालेल्या चेंडूसारखा. दाबून सोडला की पुन्हा वर येतो. सालीवर बारीक सुरकुत्या असतील, पण ती कोरडी असते. कुजका बुंधा एकाच जागी मऊ असतो, बहुतेकदा मातीलगत. तिथे बोट रुततं, खळगा तसाच राहतो, साल काळपट होऊन सरकते. कधी तपकिरी पाणी सुटतं आणि वास येतो. तो वास एकदा घेतला की पुन्हा विचारावं लागत नाही.

पानांवरून ओळखणं त्यामानाने कच्चं. झोपेत साधारणपणे खालची पानं आधी पिवळी होतात, सावकाश गळतात आणि फांद्यांची टोकं टणक राहतात. कुजीत पानं एकदम माना टाकतात, टोकं काळी पडून लिबलिबीत होतात. पण थंडीचा फटका बसला तरी टोकं काळी पडतात, म्हणून निकाल बुंध्यावरच करावा.

जाणकारही फसतात ती गोष्ट वेगळीच आहे. बुंधा सगळीकडून सारखा सुरकुतलेला, म्हणजे तहानलेलाच. आणि तरी माती ओली! अशा वेळी मुळं कुजलेली असण्याचीच शक्यता जास्त. भोवती पाणी आहे, पण पिणारं कुणी उरलेलं नाही. वरून लक्षण तहानेचं दिसतं, म्हणून लोक आणखी पाणी घालतात. तेव्हा आधी कुंडी उचलून तिचं वजन बघा. पृष्ठभाग कोरडा दिसला म्हणून विश्वास ठेवू नका. बांबूची काडी तळापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी काढा. काडी कोरडी आणि कुंडी हलकी असेल तर झाड नुसतं तहानलेलं आहे. कुंडी जड, बुंधा सैल, तर झाड त्याच दिवशी कुंडीबाहेर काढा.

बाहेर काढलेल्या झाडाची माती झाडून टाका. निरोगी मुळं भरीव असतात. कुजलेली चिमटीत चुरगळतात, साल हातात येते. स्पिरिटने पुसलेल्या सुरीने आतला गर पांढरट, स्वच्छ दिसेपर्यंत कापत जा. एक तपकिरी ठिपका राहिला तरी सगळी मेहनत फुकट, म्हणून इथे हात आखडू नये. हातमोजे मात्र घाला: हे झाड कण्हेरीच्या कुळातलं, चीक विषारी आहे, आणि आफ्रिकेत तो बाणांना लावत असत. जखमेवर बुरशीनाशकाची पूड लावून झाड सावलीत, हवेशीर जागी आठ-दहा दिवस उघडंच ठेवायचं. मग कोरड्या, भरड मिश्रणात लावायचं आणि आणखी आठवडाभर पाणी नाही. इतके दिवस मुळं उघडी बघताना जीव वर-खाली होतो खरा, पण अडेनियम ते सोसतं.

झोपलेल्या झाडाला एवढं काही लागत नाही. पावसाची चिन्हं दिसताच छपराखाली घ्या, खालची ताटली काढा, कुंडी दोन विटांवर उचलून ठेवा. हलवता येत नसेल तर निदान तिरकी करा. खत बंद. पारा १० अंशांखाली जाणार असेल तर घरात, खिडकीपाशी. बुंधा फारच सुरकुतला तर उबदार, उन्हाचा दिवस बघून सकाळी थोडंसं पाणी द्या, तेही काडी कोरडी निघाली तरच. काही केल्या उमगत नसेल तर कोरडंच राहू द्या; तहानलेलं झाड आणखी पंधरा दिवस सहज थांबतं, कुजणारं थांबत नाही.

मनसोक्त पाणी द्यायचं ते रात्री उबदार होऊन फांद्यांच्या टोकांवर हिरवे कोंब दिसल्यावर. त्यानंतर आठवड्याभरात बुंधा पुन्हा टणक लागू लागतो.