टेहळणी ड्रोनसाठी ‘आयडेक्स’चे अनुदान : पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

टेकडीपलीकडचे दृश्य जवानाला दाखवणारे, बॅटरीवर उडणारे छोटे ड्रोन घडवायचे असेल, तर संरक्षण मंत्रालयाची ‘आयडेक्स’ योजना पाहावी. ती २०१८ पासून सुरू आहे. ‘डिस्क’ फेरीत, म्हणजे सैन्यदलांनी मांडलेल्या समस्यांवरच्या स्पर्धेत, एका प्रकल्पाला जास्तीत जास्त दीड कोटी रुपये मिळतात, ‘आयडेक्स प्राइम’मध्ये १० कोटी आणि २०२४ मध्ये आलेल्या ‘अदिती’त २५ कोटी. अनुदान खर्चाच्या निम्म्यापर्यंतच असते. दीड कोटी मागायचे तर अंदाजपत्रक तीन कोटींचे हवे आणि उरलेला वाटा कुठून येणार, हे आधीच ठरलेले हवे. बरेच चांगले प्रकल्प इथेच अडखळतात.

डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग आणि अंतर्गत व्यापार प्रोत्साहन विभागाची) मान्यता असलेले स्टार्टअप, उद्यम नोंदणी असलेले लघुउद्योग, भारतीय कंपन्या आणि वैयक्तिक संशोधकही अर्ज करू शकतात. अर्ज आयडेक्सच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरतात. कंपनीचे नोंदणी प्रमाणपत्र, मान्यता किंवा उद्यम प्रमाणपत्र, पॅन, भागधारकांची टक्केवारी, लेखापरीक्षित ताळेबंद आणि टप्पेनिहाय खर्च हे सगळे तयार ठेवा. कंपनीचे नाव प्रत्येक कागदावर अक्षरशः सारखे असावे.

अर्जाचा गाभा म्हणजे सैन्यदलाने मांडलेल्या समस्येचे उत्तर. आपल्या ड्रोनचे कौतुक तिथे कामाचे नाही. समस्येत ४,००० मीटर उंची लिहिली असेल, तर समुद्रसपाटीवरचा उड्डाणकाळ देऊ नका. त्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश उरते, त्यामुळे तेच पंखे वापरून एका जागी तरंगायला साधारण २० ते २५ टक्के जास्त शक्ती लागते. त्यात थंडीने बॅटरीचा व्होल्टेज लवकर खाली येतो. हा हिशेब अर्जातच मांडा, परीक्षक तो विचारतातच.

सुट्या भागांची यादी मूळ देशासह द्या. फ्लाइट कंट्रोलर (ड्रोनचा तोल आणि दिशा सांभाळणारा भाग), रेडिओ लिंक आणि कॅमेरा कुठून येतो, हे लपवू नये. चिनी भागांच्या कारणावरून लष्कराच्या ४०० ड्रोनची खरेदी २०२५ मध्ये रद्द झाली होती. तयार ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. संशोधन आणि संरक्षणासाठी सूट आहे, पण त्यासाठी परवानगी लागते. सुटे भाग आणायला ती लागत नाही.

आता चाचणी. ड्रोन नियम २०२१ लष्कराच्या स्वतःच्या ड्रोनना लागू नाहीत, पण तुमचा नमुना अजून तुमचाच आहे, म्हणून तो नियमांत येतो. मात्र मान्यताप्राप्त स्टार्टअपला किंवा जीएसटी क्रमांक असलेल्या उत्पादकाला संशोधनासाठी उडवताना नोंदणी क्रमांक आणि पायलट प्रमाणपत्र लागत नाही. अट एवढीच, की जागा हिरव्या क्षेत्रात (सरकारी हवाई नकाशावर पूर्वपरवानगीशिवाय ड्रोन उडवता येणाऱ्या भागात) आणि आपल्या ताब्यात असावी. हिरव्या क्षेत्रात उंचीची मर्यादा ४०० फूट असते. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती २०० फूट होते. शेजारच्या माळरानावर सहज म्हणून केलेले उड्डाण या सवलतीत बसत नाही.

छाननीनंतर निवड समितीसमोर सादरीकरण होते. निवड झाली, की टप्पे ठरवून करार होतो आणि पैसे हप्त्याने येतात. पुढचा हप्ता आधीचा टप्पा पूर्ण झाल्यावरच सुटतो, म्हणून पहिला टप्पा छोटा आणि मोजता येईल असा ठेवा. ‘नमुना तयार’ असे मोघम लिहू नका. ‘ठरलेल्या वजनासह ४५ मिनिटे उड्डाण, थेट चित्रण ५ किलोमीटरवर’ असे आकडे लिहा, म्हणजे टप्पा पूर्ण झाला की नाही यावर वाद राहत नाही.