उसनवारीवर उभं राहिलेलं रोमन सैन्य: प्राचीन मिनिएचरच्या छंदाची पार्श्वभूमी

टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाई खेळायच्या छंदाचा इतिहास सांगायला घेतला की बहुतेक जण एच. जी. वेल्सपासून सुरू करतात, १९१३ साली त्याने 'लिटल वॉर्स' लिहिलं वगैरे. ते बरोबरच आहे, पण त्या खेळात प्राचीन, म्हणजे ग्रीक-रोमन काळातलं, असं काही नव्हतं बरं का. वेल्सचा सगळा जीव स्प्रिंगवाल्या खेळण्यातल्या तोफेत, तिच्यातून लाकडाची काडी सुटायची आणि समोरचे शिशाचे सैनिक खरोखर आडवे पडायचे. आता प्राचीन रोमशी लढलेल्या हॅनिबलच्या लढाईत तोफ कुठून आणणार? म्हणजे नियम वेगळे हवेत आणि सैनिकही वेगळे हवेत, आणि इंग्लंडच्या दुकानांत मिळायचे ते मुख्यतः त्या त्या काळच्या पलटणींचे.

ग्रीक-रोमन सैनिक मिळायचे जर्मनीत. न्युरेंबर्गला हाइनरिक्सनचा कारखाना १८३९ चा, तिथे पाटीच्या दगडात उलटं कोरून साचा करायचे आणि त्यात कथील ओतून चपटे सैनिक काढायचे, ३० मिमी उंच, बाजूने बघितलं तर जाड पुठ्ठ्याएवढे. पोरांनी इतिहास शिकावा म्हणून केलेली खेळणी ती. तर १९५० च्या दशकात साऊथहॅम्प्टनच्या टोनी बाथने असेच चपटे सैनिक घेऊन प्राचीन लढायांचे नियम बसवले, आणि पुढे राजे, सेनापती, कारस्थानं असलेली एक मोहीम कितीतरी वर्षं चालवली. तिचा नकाशा कुठला, तर कोनान या कथानायकाच्या जगाचा, हायबोरियाचा! म्हणजे सैनिक उसने, जगही उसनं. हे पुढेही असंच चालू राहिलं, या छंदाचं स्वतःचं असं फार कमी आहे, आणि मला विचाराल तर मजा त्यातच आहे. १९६५ ला बाथनेच 'सोसायटी ऑफ एन्शंट्स' काढली, तिचं मासिक 'स्लिंगशॉट', म्हणजे गोफण. डोनाल्ड फेदरस्टोन, ज्याच्या १९६२ च्या पुस्तकाने हा खेळ घरोघरी नेला, तोही साऊथहॅम्प्टनचाच, आणि मिनिफिग्ज ही मिनिएचर ओतणारी कंपनीसुद्धा तिथलीच. आळंदी-देहूच म्हणा ना.

पण पोरांच्या हातात रोमन सैन्य दिलं ते एअरफिक्स या ब्रिटिश मॉडेल कंपनीने. साठच्या दशकात त्यांच्या प्लॅस्टिकच्या छोट्या सैनिकांचे डबे खाऊच्या पैशात यायचे, त्यात रोमन आले आणि मग रथवाले प्राचीन ब्रिटनही आले. त्यांचा आकार मॉडेल रेल्वेच्या मापाचा, एचओ-ओओ, कारण खेळण्यातल्या गाड्या आणि स्टेशनं आधीच त्या मापात होती. प्लॅस्टिक मात्र मऊ, भाला वाकायचा आणि रंग पापुद्र्यासारखा निघायचा, म्हणून आधी साबणाच्या पाण्यात धुवा, मग पांढऱ्या गोंदाचा हात द्या, असले उपाय. ग्रीक हवे असतील तर रोमनाचं मुंडकं उडवून दुसरं चिकटवायचं, ब्लेड आणि तापवलेली सुई घेऊन.

धातूच्या फिगरचं गणित वेगळं. रबराचा गोल साचा, तो गरगर फिरवायचा, मधोमध वितळलेला धातू ओतायचा, तो कडेपर्यंत जातो आणि एका दमात बरेच सैनिक निघतात. असा साचा स्वस्तात होतो, म्हणून चार गिऱ्हाईकं असली तरी प्राचीन इराणचे पार्थियन घोडेस्वार किंवा उत्तर आफ्रिकेतले न्युमिडियन भालेकरी काढायला परवडतं. हिंचक्लिफ, मिनिफिग्ज यांचे कॅटलॉग त्यामुळेच फुगत गेले. २५ मिमीच्या जोडीला सत्तरच्या दशकात १५ मिमी आलं, लहान जागा, कमी खर्च. आधी सगळं शिसंच, त्याच्या विषारीपणाची बोंब नव्वदच्या दशकात झाली तेव्हा बरेच जण कथिलाच्या मिश्रणाकडे वळले.

नियमांत फिल बार्करच्या वॉरगेम्स रिसर्च ग्रुपने १९६९ पासून राज्य केलं. त्यांच्या १९८० च्या आवृत्तीचा काळ इसवी सन पूर्व ३००० ते इसवी सन १४८५, त्यामुळे असिरियन विरुद्ध नॉर्मन असला सामनाही लागायचा, इतिहासवाले कपाळावर हात मारायचे. १९९० ला त्यांनी डीबीए नावाचे छोटेखानी नियम काढले, एका बाजूला फक्त १२ बेस, म्हणजे सैनिक चिकटवलेल्या पट्ट्या, १५ मिमीत पन्नासच्या आत सैनिक आणि दोन फूट बाय दोन फूट जागा. महिन्याभरात सैन्य रंगवून तयार. नेपोलियनच्या काळातलं सैन्य रंगवणाऱ्याला कॉलरचा रंग चुकला तरी चारजण सुनावतात, प्राचीनवाल्याला हा ताप कमी, कारण गणवेश असा नव्हताच फारसा. रोमन अंगरखा लाल का पांढरा हा वाद मात्र अजून मिटलेला नाही.

चिलखताचं ज्ञानही उसनंच, उत्खननवाल्यांकडून आलेलं. पट्ट्यापट्ट्यांचं ते प्रसिद्ध रोमन चिलखत पूर्वी सगळे रोममधल्या सम्राट ट्राजनच्या स्तंभावरून बघून करायचे आणि लोखंडी पट्ट्या चामड्याच्या कोटावर शिवल्यात असं समजायचे. १९६४ ला उत्तर इंग्लंडमध्ये कॉर्ब्रिजला एका पेटीत खऱ्या चिलखताचे भाग सापडले आणि चिलखतांचा जाणकार रसेल रॉबिन्सन याने ते जुळवून दाखवलं की कोट नाहीच, पट्ट्या आतून चामड्याच्या वाद्यांवर लटकतात. मग नवीन फिगर त्याप्रमाणे. त्यानंतर २०१८ ला जर्मनीत काल्क्रीझला त्याहून जुनं, इसवी सन ९ च्या लढाईचं मानलं जाणारं चिलखत निघालं. म्हणजे त्या वेळच्या सम्राट ऑगस्टसच्या काळातले सैनिक पुन्हा तपासून बघा.

आपल्याकडचा पोरस यात हमखास असतो, इसवी सन पूर्व ३२६, झेलमचा काठ, हत्ती, रथ आणि पुरुषभर उंचीचं धनुष्य घेतलेले तिरंदाज. हे धनुष्याचं वर्णन ग्रीक इतिहासकार एरियनने अलेक्झांडरचा सेनापती नीआर्कस याच्या हवाल्याने दिलंय, की एक टोक जमिनीवर टेकवून डाव्या पायाने दाबून बाण सोडायचे, आणि हेही की भारतीय लोक दाढ्या रंगवायचे, कोणी निळी, कोणी लाल, कोणी चक्क हिरवी. हिरव्या दाढीचा तिरंदाज रंगवायची सोय बाकी कुठल्या सैन्यात आहे सांगा!

सीनरीत तर रेल्वेवाल्यांचं ऋण उघडच आहे. हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा गवत म्हणून, वाळवलेलं लायकेन (दगडफूल) झुडपं म्हणून, दोन्ही रेल्वे मॉडेलच्या दुकानातून आलं. नंतर इन्सुलेशनचा फोम गरम तारेने कापून टेकड्या करायला लागले, हल्ली स्टॅटिक ग्रास, विजेच्या भाराने उभे राहणारे बारीक धागे. आपण दिवाळीच्या किल्ल्यावर हळीव पेरतो आणि चार दिवसांत खरंखुरं गवत उगवतं, त्यापुढे मला हे सगळं जरा फिकंच वाटतं, पण त्यांच्या टेकडीला रोज पाणी घालावं लागत नाही हेही खरं.

रंगात हम्ब्रॉलच्या इनॅमलच्या छोट्या डब्या गेल्या, अॅक्रिलिक आले, मग पातळ वॉश, आणि २०१९ पासून काँट्रास्टसारखे रंग, एकाच हातात छाया आणि उजेड दोन्ही देणारे. २००७ ला नॉटिंगहॅमात वॉरलॉर्ड गेम्स सुरू झाली ती २८ मिमीच्या कडक प्लॅस्टिकच्या रोमनांवर. त्याचा साचा लागतो स्टीलचा, महागडा, तो वसूल व्हायला डब्यांचा ढीग खपावा लागतो, म्हणून प्लॅस्टिकमध्ये पहिला मान रोमनांचा आणि न्युमिडियनवाला आपला धातूच्याच रांगेत. आता रेझिनचा थ्रीडी प्रिंटर घरात आलाय, साच्याचीच गरज नाही, फाइल विकत घ्यायची आणि रात्रभर प्रिंटर घरघरत ठेवायचा, सकाळी सहा न्युमिडियन तयार, फक्त आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये धुवायचे राहिलेले.