सशस्त्र दरोड्याच्या शिक्षेविरुद्धचे अपील (ठाणे जिल्हा)

दरोडा किंवा शस्त्राचा धाक दाखवून केलेली जबरी चोरी यांत ठाण्याच्या सत्र न्यायालयाने दोषी ठरवले, तर अपील मुंबई उच्च न्यायालयात जाते. मुदत ६० दिवस. निकालाची प्रमाणित नक्कल मिळवण्यासाठी लागलेले दिवस त्यातून वगळले जातात. ठाणे किंवा तळोजा कारागृहातील कैद्याला तुरुंग अधिकाऱ्यामार्फतही अपील पाठवता येते. ऐपत नसल्यास विधी सेवा समिती विनामूल्य वकील देते.

अपिलात साक्षीदार सहसा पुन्हा तपासले जात नाहीत. वाद चालतो तो साक्षी, पंचनामे आणि उलटतपासणी यांच्या नोंदींवर. सत्र न्यायालयात विचारायचा राहिलेला प्रश्न उच्च न्यायालयात भरून काढणे फार अवघड, म्हणून खरी तयारी खटल्यातच व्हावी लागते.

सर्वात नेटाने लढवण्यासारखा मुद्दा शस्त्राचा. भारतीय दंड संहितेच्या कलम ३९७ खाली (१ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेचे कलम ३११) किमान ७ वर्षांची शिक्षा आहे. पण ती ज्याने शस्त्र वापरले त्यालाच. साथीदारांवर ती लादता येत नाही. फूलकुमार खटल्यात (१९७५) सर्वोच्च न्यायालयाने सुरा उघडपणे दाखवणे हाही वापरच मानला. त्यामुळे कोयता नेमका कोणाच्या हातात होता, हे फिर्यादीने सांगितले आहे का, ते आधी पाहावे. दरोड्याला किमान पाच जण लागतात. पाचांपैकी दोघे सुटले आणि आणखी कोणी अनोळखी सामील असल्याचे सिद्ध नसेल, तर उरलेल्या तिघांवर दरोड्याचे कलम टिकत नाही. जबरी चोरी मात्र टिकू शकते.

ओळखपरेड, म्हणजे साक्षीदाराने अनेकांतून संशयिताला ओळखणे, हा दुसरा कच्चा दुवा. उच्च न्यायालयाच्या नियमपुस्तिकेनुसार एका संशयितासोबत किमान सहा मिळतीजुळती माणसे उभी करायची आणि एका परेडमध्ये सहसा दोनपेक्षा जास्त संशयित ठेवायचे नाहीत. साक्षीदाराला पोलीस ठाण्यात आधीच चेहरा दिसला असेल किंवा परेड विनाकारण लांबली असेल, तर तिचे वजन घटते. परेडच झाली नसेल, तर अनोळखी आरोपीकडे काही वर्षांनी न्यायालयात बोट दाखवणे हा कमकुवत पुरावा ठरतो.

जप्तीत निवेदन पंचनाम्यातला (वस्तू कुठे आहे हे आरोपीने पंचांसमोर सांगितल्याची नोंद) वस्तू सापडण्यापुरताच भाग ग्राह्य असतो. पंच फितूर झाला, मुद्देमालाला लाखेचे सील नाही किंवा सोनसाखळीवर ओळखीची खूणच नाही, अशा ठिकाणी हा पुरावा ढासळतो.

सुनावणीला वर्षे लागतात, म्हणून शिक्षा स्थगितीचा आणि जामिनाचा अर्ज अपिलासोबतच द्यावा. शिक्षा १० वर्षे किंवा अधिक असेल, तर सरकारी वकिलाला लेखी हरकतीची संधी द्यावी लागते. आरोपीच्या स्वतःच्या अपिलात शिक्षा वाढवता येत नाही.