क्लबचे पदाधिकारी दरवर्षी बदलतात, शेड्यूल वनवरची नावं मात्र जुनीच: बदल अर्जाची माहिती

जुलै उजाडला की गावोगावच्या रोटरी आणि लायन्स क्लबांत पदग्रहण समारंभ होतात. अध्यक्षाची कॉलर नव्या गळ्यात पडते, बॅनर नव्याने छापले जातात. धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत मात्र काही हलत नाही, कारण तिथे कुणी काही कळवलेलंच नसतं. ही गोष्ट एरवी कुणाला टोचत नाही. एखादी कंपनी सीएसआरमधून (सामाजिक जबाबदारीच्या निधीतून) डायलिसिस यंत्र द्यायला तयार होते किंवा बँक खात्यावरच्या सह्या बदलायच्या असतात, तेव्हा ताजं शेड्यूल वन, म्हणजे धर्मादाय नोंदवहीतला तुमच्या ट्रस्टचा उतारा, मागितलं जातं आणि उताऱ्यावर निघतात पंधरा वर्षांपूर्वीचे विश्वस्त. त्यातले दोघे हयात नसतात, एक गाव सोडून गेलेला असतो.

ही माहिती महाराष्ट्रातल्या अशा क्लबांसाठी आहे ज्यांच्या नावाने धर्मादाय कार्यालयात नोंदलेला ट्रस्ट किंवा संस्था आहे. आंतरराष्ट्रीय मुख्यालयाचा चार्टर म्हणजे नोंदणी नव्हे. तो भिंतीवर शोभतो, पण त्याच्या जोरावर देणगीदाराला आयकर सवलतीची (८०जीची) पावती देता येत नाही. म्हणूनच बहुतेक जुन्या क्लबांनी रुग्णवाहिका, रक्तपेढी, सभागृह यांसाठी वेगळा ट्रस्ट केलेला असतो. काहींनी संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली सात किंवा अधिक सभासदांची संस्था नोंदवून तीच महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० खालीही नोंदवलेली असते. अशा संस्थेला दोन क्रमांक असतात, त्यातला विश्वस्तव्यवस्थेचा ‘एफ’ने सुरू होतो. तुमचा प्रकार कोणता हे आधी पाहा, कारण पुढचे निम्मे कागद त्यावर ठरतात. नुसती न्यासपत्रावरची (ट्रस्ट डीडवरची) विश्वस्तव्यवस्था असेल तर सर्वसाधारण सभेचा प्रश्न येत नाही, न्यासपत्रात विश्वस्त कसे नेमायचे म्हटलंय तेच चालतं. संस्था असेल तर घटना, सभासद यादी, नोटीस, गणपूर्ती (कोरम) हे सगळं मागे लागतं.

काय कळवायचं, किती दिवसांत

१९५० च्या कायद्याचं कलम २२ सांगतं की नोंदवहीतल्या कुठल्याही नोंदीत बदल झाला तर तो ९० दिवसांत कळवायचा. विश्वस्तांची नावं, पत्ते, कार्यालयाचा पत्ता, विश्वस्त नेमण्याची पद्धत, मालमत्ता, सगळं त्यात आलं. यालाच बदल अर्ज म्हणतात, कार्यालयाच्या आवारात ‘चेंज रिपोर्ट’ म्हटलं की सगळ्यांना कळतं. नमुना शेड्यूल तीनचा.

सर्वाधिक घोळ या ९० दिवसांत होतो. दिवस मोजायचे ते बदल घडला त्या तारखेपासून. पदग्रहणाच्या कार्यक्रमापासून नाही, इतिवृत्त कायम झालं त्या पुढच्या सभेपासूनही नाही. क्लबची निवडणूक डिसेंबरात झाली, पण घटनेप्रमाणे नवे लोक १ जुलैला पदावर येतात, तर बदल १ जुलैचा आणि शेवटची तारीख २९ सप्टेंबर. प्रांतपाल (क्लबांचे डिस्ट्रिक्ट गव्हर्नर) मोकळे नव्हते म्हणून समारंभ २० जुलैला झाला असेल, तरी तारीख पुढे सरकत नाही. उलट, संस्थेच्या वार्षिक सभेत निवड झाली आणि ती लगेच लागू होत असेल, तर सभेचा दिवसच धरायचा: सभा १५ ऑगस्टची असेल तर मुदत १३ नोव्हेंबरला संपते.

क्लबांची आणखी एक अडचण आहे. क्लबचं वर्ष जुलै ते जून, ट्रस्टचे हिशेब मात्र ३१ मार्चला बंद होतात आणि लेखापरीक्षण सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, व्हायला हवं. जुना खजिनदार जूनअखेर मोकळा झालेला असतो, नवा म्हणतो हे माझ्या काळातलं नाही. बदल अर्ज आणि लेखापरीक्षण अशा दोन्ही मुदती एकाच आठवड्यात येऊन आदळतात. म्हणून जुन्या खजिनदाराकडून पावतीपुस्तकं, व्हाउचर आणि बँक विवरणपत्रं ३० जूनच्या आत, सही घेऊनच ताब्यात घ्या. हार-तुऱ्यांनंतर ती मिळत नाहीत.

मुदत टळली तर दार बंद होत नाही. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पुरेसं कारण दाखवलं, तर सार्वजनिक न्यास प्रशासन निधीत खर्चाची रक्कम भरायला लावून उशीर माफ करता येतो. त्यासाठी वेगळा विलंबमाफीचा अर्ज आणि शपथपत्र लागतं. ‘माहीत नव्हतं’ हे कारण लिहू नका. सचिवाचं आजारपण, दप्तर हरवल्याची पोलिसांकडची नोंद, अंतर्गत वादात अडकलेले कागद, असं जे खरोखर घडलं असेल तेच पुराव्यासह लिहा.

‘आम्ही यादी दिली होती की!’

हे वाक्य दर दुसऱ्या क्लबकडून ऐकू येतं. १८६० च्या कायद्याच्या कलम ४ खाली कार्यकारी मंडळाची यादी दरवर्षी द्यावी लागते, ती वेगळी. त्या यादीवर पोच मिळाली म्हणजे नोंदवहीत नाव चढलं असं होत नाही. नाव चढतं ते कलम २२ खालच्या आदेशानेच. दोन्ही कामं बहुधा एकाच इमारतीत होतात, एकच अधिकारी दोन टोप्या घालून बसलेला असतो, तरी यादी घेणारा कुणी ‘अहो, बदल अर्ज राहिला’ असं सांगत नाही. सांगितलं असतं तर कितीतरी क्लबांची दहा-दहा वर्षं वाचली असती.

नाकारला जातो तो कागद: सभेची नोटीस आणि ती पोचल्याचा पुरावा

आधार, पॅन, फोटो, संमतीपत्रं सगळे आणतात. अडतं ते सभा नियमाप्रमाणे झाली हे दाखवण्यात. कार्यालय तुमच्या नेत्रशिबिराचे फोटो पाहत नाही. तुमच्याच घटनेत लिहिलेला नियम तुम्ही पाळला का, एवढंच पाहतं.

घटनेत ‘१५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस’ असेल तर नोटीस पाठवल्याचा आणि सभेचा असे दोन्ही दिवस वगळून मधले १५ मोजा. तेरा-चौदा दिवस निघाले तर हरकतदाराला आयतंच सापडतं. जुन्या घटनांत अजूनही ‘यूपीसीने (पत्र टपालात टाकल्याच्या दाखल्याने) नोटीस पाठवावी’ असं असतं. टपाल खात्याने ती सोय २०११ मध्ये बंद केली. तेव्हा घटना दुरुस्त होईपर्यंत स्पीड पोस्ट किंवा हातपोच हाच सुरक्षित मार्ग. हातपोच असेल तर प्रत्येक सभासदाची सही आणि सहीखाली त्याच्याच हाताने घातलेली तारीख घ्या. व्हॉट्सअॅप गटावर टाकलेली नोटीस आणि खालचे अंगठे घटनेत तशी तरतूद नसेल तर उपयोगाचे नाहीत. तरतूद असली तरी गटातले कोण सभासद आणि कोण माजी सभासद हे दाखवावं लागेल.

दुसरी खोट हजेरीत असते. क्लबची साप्ताहिक बैठक चालू असते, त्यातच अध्यक्ष म्हणतात, चला, ट्रस्टची वार्षिक सभाही उरकून घेऊ. मग हजेरीपटावर पाहुणे वक्ते, सदस्यांच्या पत्नी, रोटरॅक्टची (रोटरीच्या युवा शाखेची) मुलं सगळ्यांच्या सह्या असतात आणि तोच कागद पुरावा म्हणून लावला जातो. मतदान कुणी केलं हा प्रश्न मग येणारच. ट्रस्टची सभा स्वतंत्र सुरू करा, स्वतंत्र संपवा, इतिवृत्ताची वही वेगळी ठेवा, हजेरी फक्त ट्रस्टच्या सभासदांची घ्या. क्लबचा सभासद आपोआप संस्थेचा सभासद असतो असंही नाही. घटनेत तसं लिहिलं असेल तरच.

तिसरी वर्गणी. १८६० च्या कायद्याच्या कलम १५ प्रमाणे ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली आहे त्याला मत देता येत नाही, तो सभासद म्हणून मोजलाही जात नाही. क्लबात थकबाकी ही फारशी लाजेची गोष्ट मानत नाहीत, पण निवडून आलेला सचिवच थकबाकीदार निघाला तर अख्खी निवड वादात सापडते. सभेच्या दिवशीची पात्र सभासदांची यादी वर्गणीच्या पावती क्रमांकांसह तयार ठेवा. गणपूर्तीही त्याच यादीवर मोजली जाते. ‘गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब करून त्याच ठिकाणी पुन्हा भरली’ हे वाक्य घटनेत ती सोय असेल तरच लिहा. सवयीने ते सगळीकडे लिहिलेलं असतं.

नावांचंही सांभाळा. इतिवृत्तात ‘रो. अण्णासाहेब’ किंवा ‘लायन आबा, एमजेएफ’ असतं, आधारवर तिसरंच नाव. ठरावात सूचक, अनुमोदक आणि निवडलेल्या प्रत्येकाचं पूर्ण नाव लिहा. बिरुदं स्मरणिकेसाठी ठेवा.

बाकी कागद

शेड्यूल वनची ताजी प्रमाणित प्रत, घटनेची किंवा न्यासपत्राची प्रमाणित प्रत, नोटीस, हजेरी, इतिवृत्त, अर्ज करण्याचा अधिकार देणारा ठराव, येणाऱ्यांची संमतीपत्रं व ओळख-पत्त्याचे पुरावे, अर्जदाराचं शपथपत्र, वकील असेल तर वकीलपत्र. जाणाऱ्यांपैकी मुदत संपली असेल त्यांच्यासाठी निवडणुकीचं इतिवृत्त पुरतं, राजीनामा असेल तर राजीनामा आणि तो स्वीकारल्याचा ठराव, निधन असेल तर मृत्यूचा दाखला. जाणारा विश्वस्त ना-हरकत द्यायला नकार देतो म्हणून अर्ज अडवून ठेवू नका. त्याचा खरा, चालू पत्ता द्या, कार्यालय त्याला नोटीस काढेल. चुकीचा पत्ता देऊन नोटीस परत येऊ देण्याची युक्ती पुढे अपिलात अंगलट येते.

ऑनलाइन भरलं तरी मूळ कागद पाहायला मागतात. हे दोनदा का करायचं, याचं उत्तर खिडकीवर मिळत नाही. दोन पूर्ण संच घेऊनच जा.

मधल्या काळातले बदल कळवलेच नसतील तर

हा खरा गुंता. नोंदवहीत २०१० चे विश्वस्त आहेत आणि तीन वर्षांची मुदत धरून २०१३, २०१६, २०१९, २०२२, २०२५ च्या निवडी कळवलेल्या नाहीत. आता फक्त २०२५ चा अर्ज देऊन चालत नाही, कारण ही सभा बोलावणाऱ्यांना अधिकार कुठून आला हे २०२२ च्या बदलावर ठरतं, ते २०१९ च्या, असं मागे मागे. प्रत्येक निवडीचा वेगळा अर्ज, प्रत्येकाला विलंबमाफी. क्रमाने द्या, आणि एकत्र सुनावणीसाठी विनंती करा.

इथे कळकळीने सांगायचं ते एवढंच: नसलेल्या सभांची इतिवृत्तं आता बसून लिहू नका. एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेली पंधरा वर्षांची वही ओळखायला तज्ज्ञ लागत नाही, आणि तिच्यासोबत खोटं शपथपत्र गेलं तर अर्ज फेटाळला जाण्यावर गोष्ट थांबत नाही. निवडणुका झाल्याच नसतील तर तसं सरळ सांगा. ‘नवी कार्यकारिणी येईपर्यंत जुनी काम पाहील’ असं कलम घटनेत आहे का ते आधी पाहा. असेल तर उरलेले लोक सभा बोलावू शकतात. नसेल, किंवा बोलावण्यापुरतेही लोक उरले नसतील, तर कलम ४१अ खाली निवडणुकीसाठी निर्देश मागता येतात आणि विश्वस्त नेमण्यासाठी कलम ४७ आहे. वाट लांबची आहे, पण ती शेवटपर्यंत जाते.

दरवर्षीचा हा व्याप टाळायचा असेल तर मूळ दस्तऐवजच पाहा. ‘क्लबचे तत्कालीन अध्यक्ष व सचिव हे पदसिद्ध विश्वस्त’ असं असेल तर दर १ जुलैला बदल अर्ज आलाच. संस्थेच्या बाबतीत घटनेतल्या पद्धतीने दुरुस्ती करून तीन किंवा पाच वर्षांची मुदत ठेवता येते. ही दुरुस्तीसुद्धा कळवावी लागते. न्यासपत्र मात्र ठराव करून बदलता येईल असं समजू नका. त्यात तशी तरतूद नसेल तर कलम ५०अ खाली ट्रस्टच्या कारभाराची योजना (स्कीम) मागावी लागते.

अर्ज दिल्यावर

विश्वस्तांच्या बदलात वाद नसेल तर कायद्यानुसार १५ कामकाजाच्या दिवसांत तात्पुरती मंजुरी देता येते. मग हरकतींसाठी ३० दिवसांची नोटीस लागते, आणि कुणी आलं नाही तर तोच आदेश अंतिम होतो. हे कायद्यातले दिवस. प्रत्यक्षात त्रुटीचं पत्र निघालेलं असतं आणि ते उताऱ्यावरच्या जुन्या पत्त्यावर, कधीच रिकाम्या केलेल्या दुकानात, पोचतं. अर्जावर चालू मोबाइल आणि ईमेल लिहा, आणि तरीही महिन्यातून एकदा क्रमांक घेऊन चौकशी करा.

अर्ज प्रलंबित आहे म्हणून निवडून आलेल्यांनी हात बांधून बसावं असं नाही. ते काम पाहू शकतात. पण बँक आणि देणगीदार उतारा मागतात आणि त्यांच्याशी वाद घालून उपयोग नसतो. निदान अर्जाची पोच आणि ठरावाची प्रत त्यांना द्या. स्थावर मालमत्ता विकणं किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांहून अधिक काळ भाड्याने देणं मात्र कलम ३६ ची पूर्वपरवानगी आल्याशिवाय करू नका, शेड्यूल वन ताजं असलं तरी.

अर्ज फेटाळला तर कलम ७० खाली ६० दिवसांत अपील करता येतं. मंजूर झाला तर आदेशाची नक्कल घेऊन घरी जाऊ नका. नोंदवहीत नोंद प्रत्यक्ष चढली का ते पाहा, नवं शेड्यूल वन मागा, त्यातल्या प्रत्येक नावाचं स्पेलिंग तिथेच तपासा आणि प्रमाणित प्रती तीन-चार घ्या, कारण बँक, आयकर सल्लागार आणि सीएसआर देणारी कंपनी, प्रत्येकाला वेगळी लागते.