पार्श्वभूमी : आमवात, ल्युपस आणि दीडचा गुणक

ल्युपसच्या (प्रतिकारशक्ती शरीराच्याच अवयवांवर उलटते तो आजार) रुग्णाला पुढे हार्ट अटॅक येऊ शकतो, हे 1976 पर्यंत फारसं कुणी मनावर घेतलं नव्हतं. बरेच रुग्ण तेवढे जगतच नव्हते. स्टेरॉइड आली, डायलिसिस आलं, आयुष्य लांबलं, आणि मग टोरोंटोतल्या नोंदींत मृत्यूंचे दोन टप्पे उघड झाले. पहिल्या वर्षभरात गेलेले रुग्ण भडकलेल्या ल्युपसने किंवा जंतुसंसर्गाने गेले होते. काही वर्षांनी गेलेल्यांचा ल्युपस बहुतांशी शांत होता, पण हृदयविकाराने त्यांना गाठलं होतं. स्टेरॉइडने वजन, साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल सगळंच वाढतं, म्हणून ठपका सहज तिकडे गेला.

तो पूर्ण खरा नव्हता. 1997 मध्ये पिट्सबर्गच्या अभ्यासात ल्युपस असलेल्या 35 ते 44 वयाच्या बायकांमध्ये हार्ट अटॅकचं प्रमाण इतर बायकांच्या 50 पटींहून जास्त निघालं. 2001 मध्ये मॉन्ट्रियलमध्ये वय, रक्तदाब, सिगारेट, कोलेस्टेरॉल असा सगळा नेहमीचा हिशेब वजा करून पाहिला, तरी धोका कित्येक पट उरलाच. 2003 मध्ये न्यूयॉर्कमध्ये मानेच्या धमन्यांची सोनोग्राफी केली, तेव्हा ल्युपसच्या 37 टक्के रुग्णांत चरबीचे थर दिसले. त्यांच्याच वयाच्या निरोगी लोकांत 15 टक्के. थोडक्यात, आजारातला दाह, म्हणजे शरीरातली सूज, स्वतःच धमन्या खराब करतो.

आमवातात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे प्रतिकारशक्ती सांध्यांवर उलटते तो आजार) गुंता आणखी वाढतो. सांधे सुजलेले, सीआरपी (रक्तात दाह दाखवणारी तपासणी) चढलेला, अशा दिवसांत लिपिड प्रोफाइल केलं तर रिपोर्ट छान येतो : एकूण कोलेस्टेरॉल कमी, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) कमी. एचडीएलही (चांगलं कोलेस्टेरॉल) खाली असतो, पण तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. 2011 मध्ये मिनेसोटातल्या एका काउंटीच्या नोंदींत दिसलं, की ज्या आमवाती रुग्णांचा एलडीएल 70 च्या खाली होता, त्यांच्यात हृदयविकार उलट जास्त होता. औषधाने दाह उतरला की कोलेस्टेरॉल वर जातं आणि रुग्ण घाबरून औषधाला दोष देतो. टोसिलिझुमॅब या आमवाताच्या औषधाबाबत हीच शंका इतकी बळावली, की 3080 रुग्णांची चाचणी घ्यावी लागली. 2020 मध्ये ती प्रसिद्ध झाली : एलडीएल वाढला होता, पण हृदयाच्या घटना इटॅनरसेप्ट या आमवाताच्या दुसऱ्या औषधाच्या तुलनेत ठळकपणे वाढल्या नव्हत्या.

आता त्या दीडच्या गुणकाकडे येऊ. यावर जेवढा वाद झाला तेवढा क्वचितच कशावर झाला असेल. 2010 मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांनी ठरवलं, की वय, रक्तदाब, सिगारेट, कोलेस्टेरॉल भरायच्या नेहमीच्या तक्त्यावरून हृदयाचा धोका काढायचा आणि आमवात असेल तर तो 1.5 ने गुणायचा. अट अशी, की तीनपैकी दोन गोष्टी हव्यात : आजाराला 10 वर्षं झालेली, आरए फॅक्टर किंवा अँटि-सीसीपी (आमवाताच्या रक्ततपासण्या) पॉझिटिव्ह, आणि सांध्यांबाहेर आजाराच्या खुणा. पुढच्या आवृत्तीत अट गेली. तक्त्यात आमवात आधीच धरलेला नसेल, तर सरसकट सगळ्यांना दीड.

हा दीड आला कुठून? आमवाती रुग्णांत हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वसाधारण लोकसंख्येच्या साधारण दीडपट आहेत, असं आधीच्या अभ्यासांच्या एकत्रित आकडेमोडीतून निघालं होतं. पण ती तुलना फक्त वय आणि लिंग जुळवून केलेली. आमवातात सिगारेट ओढणारे जास्त असतात, आणि तो फरकही त्या दीडमध्येच बसलेला आहे. तक्ता मात्र सिगारेट वेगळी मोजतो. म्हणजे काही रुग्णांत एकच धोका दोनदा धरला जातो.

उलट बाजूने पाहा. 42 वर्षांची बाई, सिगारेट नाही, बीपी ठीक, सांधे सुजलेले. तेव्हाचा तक्ता म्हणायचा 10 वर्षांत हृदयविकाराने मृत्यूचा धोका 1 टक्क्याच्या आत. दीडने गुणा, 1.5 च्या आत. औषधाचा विचार तेव्हा सुरू व्हायचा 5 टक्क्यांवर. शिवाय तक्त्यात भरलेलं कोलेस्टेरॉल दाहामुळे खोटं कमी असेल, तर गुणायचा आकडाच मुळात चुकीचा. लिपिड तपासणी आजार आटोक्यात असताना करा, ही सूचनाही युरोपीय शिफारशींच्या त्या पुढच्या आवृत्तीत आली. माझ्या मते गुणकापेक्षा तीच मोलाची होती, पण चर्चा झाली गुणकाची. पुढे स्पेनमधल्या अभ्यासांत मानेच्या सोनोग्राफीने असे थर पकडले, जे गुणक लावूनही मध्यम धोक्याच्या गटातच राहिलेल्यांच्या धमन्यांत होते.

ब्रिटनने वाट वेगळी धरली. तिथल्या हृदयाचा धोका मोजणाऱ्या गणकयंत्रात 2008 मध्येच आमवात हा स्वतंत्र घटक होता. 2017 मध्ये ल्युपस आणि स्टेरॉइडही घातले. अमेरिकेने 2018 मध्ये गुणणंच टाळलं. दाहाचे जुने आजार असतील तर स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी औषधं) देण्याकडे कल झुकवा, एवढंच सांगितलं. कल झुकवणाऱ्या गोष्टींच्या त्याच यादीत दक्षिण आशियाई वंशही आहे, म्हणजे आमवात असलेला आपल्याकडचा माणूस दोन ओळींत बसतो.

स्टॅटिनचा पुरावा इथे तोकडाच. ल्युपसमधल्या बाल्टिमोरच्या चाचणीत 2 वर्षं अॅटोरव्हास्टॅटिन हे स्टॅटिन देऊनही हृदयाच्या धमन्यांतलं कॅल्शियम साठणं थांबलं नाही. ब्रिटनमध्ये आमवाताच्या सुमारे 3000 रुग्णांवरची चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण हृदयाच्या घटना अपेक्षेपेक्षा कमी घडत होत्या. फरक औषधाच्या बाजूने होता, पण योगायोग म्हणता येईल इतपतच. 2022 च्या युरोपीय शिफारशींत ल्युपससाठी म्हणूनच नवं काही नाही : चरबीवरचे उपचार इतरांसारखेच, स्टेरॉइड जमेल तितकं कमी, आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे ल्युपसचं नेहमीचं औषध हृदयासाठीही उपयोगी पडेल म्हणून चालू ठेवायचं. ल्युपससाठी गुणक त्यात नाही.