पाच मिनिटं पंचावन्न सेकंद

१९७५ साली ब्रिटनमध्ये रेडिओवर वाजायचं तर गाणं साधारण तीन मिनिटांत आटपायला हवं, असा रिवाज होता. क्वीन या बँडचं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ भरलं ५ मिनिटं ५५ सेकंद. त्यात ध्रुवपद नाहीच. आधी संथ पियानो, मध्येच ऑपेरा, मग दणदणीत रॉक आणि शेवटी पुन्हा पियानो. इतकं लांबलचक गाणं वाजवणार कोण, ही ईएमआय या रेकॉर्ड कंपनीची शंका अगदीच गैर म्हणता येणार नाही. पण बँड एक सेकंदही कापायला तयार नव्हता.

गाणं लिहिलं बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरीने. हा मूळचा फारुख बलसारा, झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा. आडनाव वलसाडवरून आलेलं आणि शाळा आपल्या पाचगणीची, सेंट पीटर्स. तिथेच ‘हेक्टिक्स’ नावाच्या शाळकरी बँडमध्ये तो पियानो वाजवायचा.

ध्वनिमुद्रण ऑगस्टमध्ये वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत सुरू झालं. निर्माता होता रॉय थॉमस बेकर. ऑपेराच्या भागात कोरस मोठा वाटतो, पण गाणारे बँडमधले तिघंच: मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर. त्या काळी टेपवर २४ ट्रॅक, म्हणजे आवाजाच्या स्वतंत्र पट्ट्या, मावायचे. त्यामुळे आवाजांचे थर एकत्र करून पुन्हा मुद्रित करायचे, त्यावर नवे थर चढवायचे, असं इतक्या वेळा झालं की टेप झिजून आरपार दिसायला लागली.

पुढची करामत लंडनच्या कॅपिटल रेडिओवरचा निवेदक केनी एव्हरेट याची. ‘वाजवू नकोस’ असं बजावून (डोळा मिचकावूनच म्हणा) त्याच्या हाती प्रत दिली गेली. पठ्ठ्याने दोन दिवसांत गाणं १४ वेळा वाजवलं. सोमवारी लोक दुकानांत हजर, आणि रेकॉर्ड अजून बाजारातच नाही! ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तेव्हा फक्त दुकानांतली विक्री मोजली जायची, रेडिओवर कितीदा वाजलं याला तिथे किंमत नव्हती. म्हणून ही तुंबलेली मागणी मोलाची ठरली. यशाचं श्रेय बहुतेक जण ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या बीबीसीच्या टीव्ही कार्यक्रमासाठी केलेल्या व्हिडिओला देतात, मला मात्र एव्हरेटचा वाटा मोठा वाटतो. व्हिडिओ १० नोव्हेंबरला चित्रित झाला, रेकॉर्ड तर ३१ ऑक्टोबरलाच बाहेर पडली होती.

नोव्हेंबर संपता संपता गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं आणि नऊ आठवडे हललं नाही. त्याला खाली खेचलं ॲबा या स्वीडिश बँडच्या ‘मामा मिया’ने. हेच दोन शब्द क्वीनच्या ऑपेराच्या भागातही आहेत, हा योगायोग गमतीचाच. अमेरिकेत मात्र ते नवव्या क्रमांकापर्यंतच चढलं.

२४ नोव्हेंबर १९९१ रोजी मर्क्युरी गेला. डिसेंबरमध्ये तेच मुद्रण पुन्हा विक्रीला आलं आणि ब्रिटनमध्ये आणखी पाच आठवडे पहिलं राहिलं. पुढच्या वर्षी ‘वेन्स वर्ल्ड’ या विनोदी चित्रपटात काही मित्र गाडीत बसून या गाण्यावर माना झटकताना दिसले, आणि १७ वर्षांचं हे जुनं गाणं अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर पोचलं.